कल्पेशशेठची दरसालची माफी

घोडेगावच्या पेठेत ताडपत्र्या, दोरखंड आणि प्लास्टिकचे पाइप विकणाऱ्या कल्पेशला स्वतःचं मत नाही, असं त्याचे मित्र म्हणतात. हे साफ खोटं आहे. मतं त्याला भरपूर आहेत. फक्त दुकान उघडायच्या आधी तो ती घरी ठेवून येतो आणि घरी गेल्यावर कुठं ठेवली ते त्याला आठवत नाही. गिऱ्हाईक दोन्ही पार्ट्यांचं. ताडपत्री सत्तेवाल्याच्या कांद्यावरही पडते आणि विरोधकाच्याही.

शाळासोबत्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, ‘दहावी ब, सुटलेले’. नाव सुटलेल्यांचं, पण त्यातून कुणाची सुटका नव्हती. सकाळी देवांचे फोटो, मग टोमॅटोचा बाजारभाव, मग ‘आमच्या उसात बिबट्या दिसला’, त्यावर ‘बिबट्या नव्हं, तुझी सासू असंल’, आणि दुपारी जेवण झालं की राजकारण. एकजण नेत्याचा फोटो टाकी, दुसरा त्याची अब्रू काढी, आणि कल्पेश दोघांच्याही खाली जोडलेले हात टाकून मोकळा होई. कधीकधी एखाद्याचं म्हणणं त्याला इतकं खटके की दोन ओळी टाइप होत. मग तो त्या मागून पुढे खोडून टाकी. ग्रुप सोडावा असं तर दर निवडणुकीला वाटे. पण ग्रुप सोडला म्हणजे गिऱ्हाईक सोडलं. बसला होता बापडा तसाच, सगळ्यांना हो म्हणत.

त्या ग्रुपात त्याला एकाच माणसाची ओढ होती. आहुप्याचा रामनाथ. घाटमाथ्यावरून शिकायला येऊन इथल्या वसतिगृहात राहिलेला, कल्पेशचा बाकावरचा जोडीदार. आता तो सावळेराम आबांच्या संस्थेच्या शाळेची गाडी चालवत होता. आबा म्हणजे या भागाचे पुढारी, भाषणाला उभे राहिले की माईक दमायचा पण आबा नाही. रामनाथ आबांचा आवाज असा काढायचा की डोळे मिटले तर आबाच समोर!

श्रावणात रामनाथनं ग्रुपवर एक आवाजी निरोप टाकला. आबा बिबट्याकडे मत मागायला गेलेत. “बिबट्याभाऊ, तुमच्या उसापर्यंत डांबरी रस्ता देतो, सभामंडप देतो. आपला धंदा एकच हाय. अंधारात हिंडायचं आन् गरिबाची शेळी उचलायची. फरक येवढाच, तुमी एका टायमाला एकच नेता.”

कल्पेश गल्ल्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. बऱ्याच दिवसांनी हसला होता.

तो निरोप ग्रुपबाहेर गेला. कसा गेला कुणास ठाऊक, पण गावोगाव वाजत वाजत खुद्द आबांच्या कानावर पोचला. आबा जाहीरपणे हसले. दुसऱ्या आठवड्यात संस्थेनं रामनाथला सांगितलं, किल्ली ठेवून जा.

ग्रुपवर शोककळा पसरली ती दुपारपर्यंत. मग फितूर कोण, यावर वाद पेटला. सगळ्यांत मोठा आवाज ऋषीचा. ऋषी आबांच्या पार्टीचा, पंचायत समितीच्या तिकिटावर डोळा ठेवून असलेला. “ज्यानं कुणी पाठवलं त्यानं मर्दासारखं कबूल करावं. दोस्ताच्या पोटावर पाय दिलाय,” असं तो रोज लिही. रामनाथ काही लिहीत नव्हता. कल्पेशनं त्याला फोन केला, तर म्हणाला, “बगू. भात उभा हाय तवर चाललंय.”

अशात संवत्सरी आली. जैनांच्या पर्युषणाचा शेवटचा दिवस. वर्षभरात जाणता-अजाणता कुणाचं मन दुखावलं असेल तर त्याची हात जोडून माफी मागायची, ही कल्पेशच्या घरची पिढीजात रीत. राजस्थान सुटलं, मारवाडी बोली सुटली, ही रीत राहिली. पूर्वी घरोघरी जाऊन मागत, आता फोनवर मागतात. बायको चेतनानं उपाशीपोटी आठवण करून दिली, “सगळ्यांना पाठवलं ना?” कल्पेशनं दरवर्षीचा मजकूर सगळ्या ग्रुपांवर टाकून दिला. ‘माझ्याकडून कळत-नकळत आपलं मन दुखावलं असल्यास मनःपूर्वक क्षमा मागतो. मिच्छामि दुक्कडम्.’

इतर वर्षी यावर ‘लाडू कधी, शेठ?’ असं येई. या वर्षी लाडू कुणी मागितले नाहीत. मग ऋषी उगवला.

“सापडला! शेठ, तुमी?”

कल्पेशनं घाईनं लिहिलं, “अरे, ही आमची दरवर्षीची असते.”

“म्हंजी दरवर्षी फितुरी व्हय?” एकानं विचारलं. हसणारे चेहरे पडले.

“तसं नाही. नुसती रीत आहे.”

“मग माफी मनापासून नव्हती का?”

आता याला काय उत्तर देणार? मनापासून म्हणावं तर गुन्हा कबूल, नाही म्हणावं तर धर्म खोटा. इकडे आड तिकडे विहीर. त्यानं तीनचार वेळा लिहिलं आणि सवयीनं खोडलं. तेवढ्या वेळात निकाल लागून ग्रुप बिबट्यावर परत आला.

संध्याकाळी ऋषीचा खाजगी निरोप आला. “शेठ, लई उपकार झालं. रामनाथची ती क्लिप मीच डिंगोऱ्याच्या माझ्या सासरवाडीच्या ग्रुपवर टाकली व्हती, गंमत म्हणून. त्यांची चेष्टा मी गावभर पसरवली असं आबांना कळलं तर माझं तिकीट गेलं. तुमी दुकानदार माणूस, तुमाला कोण काय करतंय? मिच्छामि दुक्कडम्.”

कल्पेशनं रागारागानं दोन ओळी टाइप केल्या आणि खोडल्या. चेतनानं मागून वाचलं. तीही संतापली, पण म्हणाली, “उत्तर द्या. आजच्या दिवशी मागितलेली माफी नाकारायची नसते.” त्यानं ‘माफ केलं’ असं लिहिलं. थोड्या वेळानं पाहतो तर ऋषीनं आपला निरोप पुसून टाकला होता. माफी राहिली, गुन्हा गेला.

रामनाथला सांगायचं, असं कल्पेशनं त्याच दिवशी ठरवलं. पण फोनवर नको, समोर बसून. शिवाय क्षमा देऊन झाल्यावर चहाडी करावी का? आणि रामनाथ तापट, तो ऋषीच्या दारात जाईल, मारामारी होईल, पोलीस आबांचेच. कारणं त्याला एकाहून एक चांगली सुचत गेली. दुकानात नव्हता इतका माल त्याच्याकडे कारणांचा होता.

मग आबांचा माणूस आला. “आबा म्हनले, आपली चेष्टा कोण करतंय ते शेठनं आपल्यापतुर पोचवलं, शेठ आपल्या कामाचा माणूस हाय. संस्थेच्या समद्या इमारतींच्या ताडपत्र्या आता हितूनच.” कल्पेशला कळलं की हे कशाचं बक्षीस आहे. नाही म्हणायला तोंड उघडलंही. पण नाही म्हटलं तर का, ते सांगावं लागणार. आणि आबांना नाही म्हणून या पेठेत दुकान कोण चालवणार? तो म्हणाला, “बरं.”

बाजाराच्या दिवशी संस्थेची पिवळी गाडी दुकानासमोर लागली. नवा ड्रायव्हर ताडपत्र्यांच्या घड्या आत रचत होता. गर्दीतून वाट काढत रामनाथ आला, हातात रानभाजीची पिशवी. बाजूच्या बोळातून आल्यामुळं त्याचं लक्ष अजून गाडीकडं गेलं नव्हतं.

“कल्प्या,” तो म्हणाला, “चार दिस येईन येईन म्हणतोय. त्या ग्रुपवर कायबाय लिवत्यात, तू मनाला लावून घेऊ नको. मी वसतिगृहात असताना तुझी आई, गुलाबबाई, मला परक्या पोरालाबी दरसाली हात जोडायची. मी तिला इचारलं व्हतं, तुमी माझं काय वाईट केलंय? तर म्हनली, ठाऊक नाही, म्हणून तर. मला कळतंय रं. ह्ये तू करणार न्हाईस.”

एवढ्या दिवसांत असं कल्पेशला कुणी म्हटलं नव्हतं. “रामनाथ, बस. तुला एक सांगायचंय.”

रामनाथ बसायला वळला आणि त्याला गाडी दिसली. दारावरची संस्थेची पाटी दिसली. आत चाललेल्या घड्या दिसल्या. तो गाडीकडं बघत राहिला, मग कल्पेशकडं.

“ह्ये कवापासून?”

“आत्ताच. आबांनी स्वतःहून... तू समजतोस तसं नाहीये रे.”

“मग कसं हाय?”

आता बोलायचं होतं. एक नाव घ्यायचं होतं, बस्स. समोर आबांचा माणूस बिडी ओढत उभा होता, काउंटरवर दोन्ही पार्ट्यांची गिऱ्हाइकं ऐकत होती. कल्पेशनं तोंड उघडलं.

“शेठ, उरलेल्या कुठं टाकू?” ड्रायव्हरनं विचारलं.

“टपावर नको,” कल्पेश म्हणाला, “भिजतील. मागं टाक.”

रामनाथनं भाजीची पिशवी काउंटरवर ठेवली, आणली होती म्हणून, आणि तो आला त्या वाटेनं निघून गेला.