इंजिनावर चालणारी चाळण

शारजात होतो तोवर एकटेपणा ही काय चीज असते ते मला ठाऊक नव्हतं. तिथल्या रोल्ला बाजाराजवळच्या खोलीत आम्ही सगळे रत्नागिरीकडचे. घोरणाऱ्यांना शिव्या घालण्यात दिवस मजेत जायचे. मग आमच्या अरबाबने, म्हणजे मालकाने, डोंगरातल्या एका वादीत खजुराची बाग घेतली आणि तिथल्या विहिरीवरचा डिझेल पंप चालवायला मला नेऊन टाकलं. वादी म्हणजे कोरडी नदी, नुसते गोटे. साठच्या दशकातली गोष्ट ही. डांबरी रस्ता नाही, वीज नाही, रेशनची लॉरी मनाला येईल तेव्हा यायची. या अल्ला, पहिल्याच आठवड्यात मी पंपाशी बोलायला लागलो.

मला वेड लागलं नाही ते चाचामुळे. बागेचा राखणदार होता तो, मकरानचा म्हातारा बलुच. मी त्याला चाचा म्हणायचो, तो मला मिस्त्री. आमची हिंदी दोघांचीही मोडकी, पण भांडण्यापुरती भरपूर होती. वादीच्या वळणावर पुराने आणून टाकलेला रेतीगोट्यांचा मोठा ढीग होता आणि त्यात सोनं आहे असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. रोज बागेचं काम उरकलं की तो हातचाळणीने गोटे वेगळे करायचा आणि खाली पडलेली रेती थाळीत धुवायचा. चाळता चाळता तोंड सुरूच. तरुणपणी बुडालेली गलबतं, पळून गेलेली उंटीण, कजाग सासू. मी शेजारी बसून ऐकायचो आणि "चाचा, फेको मत" म्हणायचो. तेवढाच काय तो माझा दिवस.

"ये ढेर खतम, तो मैं घर," तो म्हणायचा. "सोना मिले न मिले." ढीग एवढा दांडगा होता की मी निश्चिंत होतो.

पण त्याचा खांदा गेला. हात वर होईना. एका संध्याकाळी चाळण बाजूला ठेवून म्हणाला, "अब नहीं होता, मिस्त्री. अगली लॉरी से जाऊँगा." हा गेला तर मी कुणाशी बोलू, खजुरांशी? तोंडातून निघून गेलं, "चाचा, ठहरो. मैं मशीन बनाता हूँ."

गावाकडे भातगिरणीत काम केलेलं. तिथली हलती चाळण डोळ्यांपुढे होती. मोडक्या लोखंडी खाटेची चौकट घेतली आणि ती लॉरीच्या जुन्या सीटच्या स्प्रिंगांवर बसवली. वरची चाळण मासे पकडायच्या तारेच्या पिंजऱ्याची, खालची डासांच्या जाळीची. एका चाकाला भोक मुद्दाम मधोमध न पाडता बाजूला पाडलं, म्हणजे फिरताना ते चौकटीला हिसके देणार. पंपाच्या इंजिनावरून पट्टा घेतला, पंपाचंच पाणी वर सोडलं. पट्टा दहादा निसटला, स्प्रिंग उडून माझ्या नडगीवर बसली, मी अख्ख्या अरबस्तानाला शिव्या दिल्या. आणि एक दिवस, हात तिच्या, चाललं की! खाट अंगात आल्यागत थरथरायला लागली, गोटे एका बाजूने धडाधडा बाहेर, मधली स्वच्छ रेती दुसऱ्या बाजूने घमेल्यात. बारीक गाळ पाण्याबरोबर खालून बागेच्या पाटात. मी अक्षरशः नाचलो.

चाचाने पाटात जाणाऱ्या गाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, घमेलं उचललं आणि धुवायला बसला.

त्यानंतर आमचं बोलणं बंद पडलं. इंजिनाचा ठणठणाट, त्यात खाटेचा खडखडाट, ओरडलं तरी ऐकू येईना. मी फावड्याने रेती टाकायचो, तो धुवायचा. इंजिन थांबेपर्यंत दोघेही इतके थकलेले असायचो की रोटी खाऊन आडवे. आणि ढीग? जो वर्षभर सहज पुरला असता, तो डोळ्यांदेखत खाली बसत चालला. मला दिसत होतं, पण पट्टा काढायला हात धजेना. इतक्या खटपटीने केलेलं यंत्र बंद का, असं त्याने विचारलं असतं तर काय सांगणार होतो? तुम्ही जाऊ नका म्हणून? छे, मोठ्या माणसांनी असलं बोलायचं नसतं, असं तेव्हा वाटायचं.

ढीग संपला. यंत्राने दिलेल्या रेतीत एकदाही काही चमकलं नाही. चाचाने बोचकं बांधायला घेतलं आणि मी पाट साफ करायला गेलो, कारण गाळाने तो तुंबला होता. गंमत म्हणून मूठभर गाळ थाळीत धुतला. तळाला काळी रेती राहिली आणि तिच्या कडेला तिळाहून बारीक पिवळे कण. दुसरी मूठ धुतली, परत तेच.

कपाळ माझं! गिरणीत जाळीतून खाली पडतो तो कोंडा, वर उरतो तो तांदूळ. मी त्याच हिशेबाने ती बारीक जाळी लावली होती. इथे सगळा माल त्या कोंड्यात होता आणि मी तो खजुरांना पाजत होतो.

पण खरं सांगतो, मला आनंद झाला. पाट भरून गाळ पडलेला! तो धुवायचा म्हणजे चाचा आणखी कितीतरी महिने राहणार. मी थाळी घेऊन धावत सुटलो. "चाचा, देखो! हमने गलत चीज धोई!"

त्याने थाळीत नीट पाहिलंसुद्धा नाही. "मालूम है," म्हणाला. "पहले दिन से मालूम है."

"तो बोला क्यों नहीं?"

"तू नाच रहा था, बेटा. इतने महीनों में पहली बार तुझे खुश देखा. मैं क्या बोलता?"

त्याने मला बेटा म्हटलेलं तेवढंच एकदा. मी म्हटलं, अजून वेळ गेलेली नाही, रुको ना, मिलकर धोएँगे. त्याने मान हलवली. "खलास. मेरा दिल घर पहुँच गया. अब वो सोना तेरा है."

सकाळी लॉरी आली. बोचकं मी वर चढवलं, त्याला हात देऊन बसवलं. "यल्ला, चलो," ड्रायव्हर ओरडला. लॉरीची धूळ खाली बसली, मग मी ढिगाच्या त्या रिकाम्या जागेवर बसून मोठमोठ्याने रडलो. ऐकायला कुणीच नव्हतं.