माहेरी बरी, सासरी आजारी

रंगुबाईचं दुखणं अख्ख्या गावाला पाठ होतं. पोट फुगायचं, जुलाब लागायचे, तोंड यायचं, आणि रक्त तर अंगात टिकतच नसे. लोहाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. पण गावाला त्या दुखण्यापेक्षा त्यातली एकच गोष्ट फार चघळायला आवडायची: रंगुबाई माहेरी गेली की बरी व्हायची.

माहेर पाथर्डीकडचं, कोरडवाहू. सासर श्रीगोंद्याकडचं, कालव्याखालचं. घरचा वीस-बावीस एकर ऊस, दारात ट्रॅक्टर. तिला सासरी आजारी बघायचं आणि महिनाभरानं माहेराहून परतलेली बघायचं, म्हणजे दोन निराळ्या बायका वाटाव्यात.

"आमच्या घरात काटं हायती व्हय गं?" सासू राहीबाई चारचौघींत विचारायची. "हितं मरनाची आजारी, नि त्या ऊसतोड्या भावाकडं गेली की टुणटुणीत! हितं काम पडतंय ना, म्हनून."

रंगुबाई बोलणार काय? पोट दुखतं हे खरं, आणि माहेरी दुखत नाही हेही खरंच. तिला स्वतःलाही कधीकधी शंका यायची, की खरंच आपल्या मनातच काही खोट आहे का?

बाईच्या दुखण्याचं कारण तिच्या स्वभावात शोधणं ही आपल्याकडची फार जुनी आणि फुकटची तपासणी. उत्तर खरं तर राहीबाईच्या कणकेच्या डब्यात होतं, पण डब्यात बघतो कोण? उसाचा पैसा आल्यापासून या घरात भाकरी उरली होती ती गड्यांपुरती. घरच्यांना दोन्ही वेळा चपाती, सकाळी चहाबरोबर बिस्किटं, सणाला पुरणपोळ्या, उन्हाळ्यात शेवया. माहेरी मात्र बाजरी, हुलगा, ठेचा. गहू तिथं सणापुरता. इतकं ढळढळीत समोर असून वीस वर्षांत एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

पडला तो श्रीगोंद्यातल्या एका डॉक्टरांच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि रंगुबाईच्या नवऱ्याला, मच्छिंद्रला, सांगितलं, "यांना गहू सोसत नसावा. नगरला जाऊन रक्ताची तपासणी करा, तिची चिठ्ठी देतो."

आणि मग या घरानं ती चूक केली, जी मायेपोटीच होते. दिवाळी तोंडावर होती. भाऊ वैजनाथ भाऊबिजेला आला, बहिणीचा अवतार बघून हबकला. म्हणाला, "दाजी, ह्या अंगात रक्त घ्यायला तरी कुठंय? आमी दोघं नवराबायको तोडनीला चाललो, आई एकली हाय. रंगीला नेतो. होळीपस्तोर अंग धरंल, मग खुशाल तपासा."

मच्छिंद्रला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. आजारी माणसाला धडधाकट करून दवाखान्यात न्यायचं, म्हणजे पाहुणे यायच्या आधी घर झाडून ठेवल्यासारखं. रंगुबाई गेली, आईजवळ राहिली, दोन वेळा बाजरीची भाकरी खाल्ली आणि गालावर तुकतुकी आली. होळी झाल्यावर मच्छिंद्र तिला तिकडूनच नगरला घेऊन गेला. रक्त दिलं. रिपोर्ट निघाला नॉर्मल.

घरी राहीबाईचा आनंद काय सांगावा! "काईच न्हाई म्हनं! मी काय म्हनत हुते?" तिनं शेजारणीला ओट्यावरूनच ओरडून सांगितलं. मच्छिंद्रही बायकोशी दोन दिवस धड बोलला नाही. वाईट माणूस नव्हे तो; पण इतकी वर्षं आईच्या आणि बायकोच्या मध्ये उभा राहून दमला होता. रिपोर्टानं त्याची सुटका केली असं त्याला वाटलं.

रंगुबाईची सून रेश्मा मात्र हटून बसली. "मामंजी, रिपोर्ट डॉक्टरला दाखवल्याबिगर तपासनी पुरी होत न्हाई. मी नेते आत्यांना."

नगरच्या डॉक्टरीणबाई तरण्या, बोलायला फटकळ. त्यांनी कागद पाहिला, मग रंगुबाईकडे पाहिलं.

"रक्त देण्याआधी काय खात होता?"

"भाकरी."

"चपाती?"

"माहेरी हुते जी. तिकडं कोन करतंय चपाती?"

"किती दिवस होता तिकडं?"

"दिवाळीपासनं."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो मावशी, या रोगात गहू खाल्ला की शरीर स्वतःच्याच आतड्याशी भांडतं. त्या भांडणाच्या खुणा आम्ही रक्तात शोधतो. तुम्ही चार महिने गहू शिवला नाहीत, भांडण मिटलं, खुणा पुसल्या. नॉर्मल म्हणजे रोग नाही असं नव्हे. ही तपासणीच धरायची नाही."

मग त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, बरं वाटतंय तर गहू सोडून द्यायचा आणि कायम अंदाजावर जगायचं. दुसरा, दीड-दोन महिने रोज दोन चपात्या खायच्या, त्रास होईल तो सोसायचा, आणि पुन्हा रक्त द्यायचं. "पहिला सोपा आहे. पण पक्कं कळलं तर हाडांची, थायरॉईडची तपासणी वेळच्या वेळी होते, मुलांचंही रक्त बघता येतं. बळजबरी नाही. फार झालं तर थांबा आणि मला फोन करा."

"आत्या, नका. जीव महत्त्वाचा," रेश्मा म्हणाली.

रंगुबाई म्हणाली, "वीस वरसं मी नाटकी ठरलेय गं. आता अंदाजानं गहू सोडला तर म्हनतील, हे नवं नाटक. खाते मी."

आणि तिनं खाल्ल्या. रोज, सासूच्या समोर बसून, दोन चपात्या. पहिल्या आठवड्यात राहीबाई म्हणाली, "खाती की चांगली!" दुसऱ्या आठवड्यात काही म्हणाली नाही. रंगुबाई कांद्याच्या वाफ्यातून दहादा उठून जायची, ओठांचे कोपरे चिरले, चालताना भिंत धरू लागली. मच्छिंद्र एकदा ताट ओढून म्हणाला, "बास कर." तिनं ताट परत घेतलं.

या खेपेला रक्तात सगळं सापडलं. दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढला, त्यातही तेच. सिलिॲक. नाव घरात कुणाला नीट म्हणता येईना. रंगुबाई मात्र दवाखान्याच्या बाकावर बसून रडली. रोग निघाल्याचा आनंद होतो, हे ज्याला कुणी खोटं म्हटलेलं नाही त्याला कळायचं नाही.

पुढचं जगणं म्हणजे पथ्य नव्हे, पहारा. गव्हाची चपाती सोडणं सोपं. गहू लपून कुठं बसतो ते शोधणं अवघड. गावातल्या कारभारीच्या गिरणीत गव्हावर बाजरी दळली की पहिलं दोन मुठी पीठ गव्हाचंच. शेवटी मच्छिंद्रनं घरघंटी आणली, निमूटपणे, कुणी न सांगता. हिंगाच्या डबीत गव्हाचं पीठ असतं हे रेश्माला कळलं तेव्हा तिनं डबीच उचलून शेजारी देऊन टाकली. परात वेगळी, तवा वेगळा. मुलाचं रक्त तपासलं, ते निर्दोष निघालं.

राहीबाईनं रिपोर्ट पाहिला होता, पण कागदावर तिचा विश्वास नव्हता. कागद काय, नगरला कसलेही मिळतात, असं तिचं मत.

श्रावणात रेश्मा माहेरी गेली. भाकरी थापायचं राहीबाईकडं आलं. रंगुबाई खुरपून दुपारी घरी आली, सासूनं वाढलेली भाकरी भरल्या वांग्याबरोबर खाल्ली, आणि दिवस कलायच्या आत पोट धरून बसली. रात्रभर तेच. सकाळी ती भिंतीला टेकून एकेक आठवत होती. "मसाल्यात काय गेलं का? मी तर काईच बाहेरचं खाल्लं न्हाई. अवो, घरघंटीत कुनी गहू टाकला का?"

मच्छिंद्र घरघंटी उघडून बघू लागला. राहीबाई दारात उभी होती.

"ते सोड," ती म्हणाली. "भाकरीत मूठभर कनीक टाकली हुती. मीच."

मच्छिंद्र घरघंटीपासून उठला. "आई, येडी का काय तू?"

"बघत हुते," राहीबाई म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "हिला ठाव न्हाई तर हिला कसं हुईल, म्हनलं. पन झालं की."

रंगुबाईनं सासूकडं पाहिलं. अंगात ताकद असती तर काय केलं असतं कोण जाणे. "मला इचारायचं हुतं की, आत्याबाई," ती एवढंच म्हणाली. "वीस वरसं सांगत हुते."

राहीबाई आत गेली, भाकरीच्या डब्यातलं सगळं पीठ गुरांना घातलं, परात राखेनं घासली, पुन्हा घासली. माफी मागायची रीत तिच्या पिढीत सासवांना शिकवलेली नव्हती. तेवढ्यानं वीस वर्षं भरून निघतात असं मुळीच नाही.

पण दिवाळीनंतर चुलत पुतण्याच्या लग्नात पंगत बसली तेव्हा रंगुबाईनं घरची भाकरी फडक्यातून काढली. वाढपी जिलेबीचं ताट घेऊन समोर उभा, आणि नवऱ्यामुलाची आई आग्रह करत होती, "वैनी, लग्नाचं जेवान हाय. येका घासानं काय मरनार हायसा का?"

रंगुबाई काही बोलायच्या आत पलीकडच्या पाटावरून राहीबाईचा आवाज आला, सगळ्या मांडवानं ऐकावा असा.

"ए बये, तिला जिलेबी वाढायची न्हाई. तिला खरंच हुतंय. मी बघितलंय."

वाढपी पुढं सरकला. रंगुबाईनं भाकरी मोडली आणि जेवू लागली.