देवासला बाबा खुनी शोधतात

धारहून निघालो त्या सकाळी बाबा गाडीत पुढच्या सीटवर बसले होते आणि सगळे त्यांच्याबद्दल माझ्याशी बोलत होते. काका फाटकाशी उभे होते. "लेकीच्या घरी राहायला नेतेस? आपल्यात असं कुणी केलेलं नाही," म्हणाले. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, बाबांची काठी मागच्या सीटवर ठेवली. "ले जा. उन्हें अब कुछ समझता नहीं. महिन्याभरात तूच परत आणशील." बाबा काचेतून समोर बघत राहिले. मी गाडी सुरू केली.

बाबांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. अर्धांगवायूच्या झटक्यानं त्यांचा उजवा हात गेला आणि शब्दांची अदलाबदल झाली. पाणी हवं असलं की ते "छत्री" म्हणायचे. चूक त्यांची त्यांना कळायची. चिडायचे, मग गप्प व्हायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की बोलणं बिघडलंय, समजणं नाही. पण दादा दुकानात, वहिनी नोकरीवर. दुष्ट कुणीच नव्हतं, सगळे थकले होते. एका रविवारी मी देवासहून अचानक गेले तर बाबांच्या खोलीला बाहेरून कडी होती. त्याच दिवशी मी ठरवलं.

मी अकरा वर्षं देवासला आहे, कारखान्याच्या लॅबमध्ये. लग्न केलं नाही. दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात. दिवसा खाली राहणाऱ्या मालकीणबाई बाबांकडे लक्ष देतात. पहिले काही आठवडे बाबा इथेही भिंतीकडे तोंड करून बसायचे. मग लॅबमधल्या एका मैत्रिणीनं मुलांचा जुना खेळ दिला. बंगल्यात खून झालेला असतो. खुनी कोण, हत्यार कोणतं, खोली कोणती, ही तीन पत्त्यांची पानं पाकिटात लपवलेली. बाकीची खेळणाऱ्यांत वाटायची आणि एकमेकांना विचारत, खुणा करत पाकिटातली ओळखायची.

मी नियम वाचून दाखवले. किमान तीन खेळाडू हवेत, असं डब्यावर होतं. "जाऊ द्या बाबा, आपण दोघंच," म्हणून मी झाकण लावायला घेतलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं. डाव्या हातानं, सावकाश, पत्त्यांचे तीन गठ्ठे केले. एक मला, एक त्यांना, एक मध्ये पालथा. त्यांनी विचारलेल्यांतलं दाखवण्याजोगं पान माझ्याकडे नसेल, तर त्यांनी मधलं एक गुपचूप उचलून बघायचं. हे त्यांनी मला नुसत्या बोटानं समजावलं. मी लॅबमधली चांगली शिकलेली बाई, मला दोनदा समजावून घ्यावं लागलं.

तोंडानं ते "चप्पल" म्हणायचे आणि बोट हत्यारांतल्या दोरीवर ठेवायचे. मी बोटाकडे बघायला शिकले. पहिले चार डाव त्यांनीच जिंकले. पाचवा मी जिंकला तर त्यांनी पाकीट दोनदा तपासलं.

दिवाळीनंतर एका दुपारी काका आणि दादा आले. बाबांना न्यायला. "लोग बातें बना रहे हैं," काका म्हणाले. "आणि त्यांना विचारून काय उपयोग?"

मी म्हटलं, "दादा, आधी बाबांशी एक डाव खेळ."

"मजाक कर रही है?"

"खेळ."

दादा हसत खेळायला बसला. लहानपणापासूनची त्याची खोड, फसवायची. स्वतःच्या हातातलीच पानं तो विचारत राहिला, म्हणजे बाबांचा तपास भलतीकडे जाईल. बाबांनी मान वर केली, त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि ती त्याच्याचकडे आहेत हे ओळखून कागदावरच्या यादीत त्यांच्यावर शांतपणे काट मारली. थोड्या वेळानं त्यांचं बोट तीन जागी टेकलं. खुनी म्हणून हिरवी सोंगटी. दोरी. स्वयंपाकघर. दादानं पाकीट उघडलं. तिन्ही बरोबर. त्यानं ती पानं खाली ठेवली.

मग तो खुर्ची ओढून बाबांसमोर आला. झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यानं थेट त्यांना विचारलं, "बाबा, तुम्हाला कुठं राहायचंय?"

"मांडू," बाबा म्हणाले. धारजवळचा तो जुना किल्ला.

"घ्या!" काकांनी हात उडवले.

बाबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी जोरात मान हलवली आणि बोट खाली फरशीकडे केलं. एकदा, दोनदा. दादा त्या बोटाकडे बघत होता.

"काका, चला," तो म्हणाला. "बाबा इथंच राहतील." जाताना तो बाबांच्या पाया पडला आणि जिन्यात थांबून त्यानं डोळे पुसले. मला एवढंच म्हणाला, "वो कड़ी मैंने लगाई थी." मी त्याला माफ केलं नाही, अजून.

धारची माणसं अजून फोनवर विचारतात, घरी कधी आणणार? घर सोडून बाहेर गेलेल्या माझ्यासारख्या सगळ्यांना हा प्रश्न ओळखीचा असेल. माझं उत्तर ठरलंय. घरीच आहेत. धार आमचं गाव आहे, ते कुणी काढून घेत नाही. पण ज्या दाराला बाबांसाठी बाहेरून कडी लागली, त्याला मी घर म्हणणार नाही. भेटायला जरूर या. फक्त बाबांबद्दल मला विचारू नका. त्यांच्यासमोर बसा, त्यांनाच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.