मुकादमाचं बिऱ्हाड

आमच्या भागातल्या निम्म्याहून अधिक घरांतलं सामान मुकादमाने आत आणून ठेवलेलं आहे. लोकांची घरं हलवणं हा त्याचा धंदा. एक टेंपो, तीन गडी, जुन्या चादरींचा ढीग आणि खांद्यावरून घ्यायचे दोन जाड पट्टे, एवढ्यावर त्याने बावीस वर्षं काढली. कपाट ओढायचं नसतं, चालवायचं असतं, असं तो म्हणतो. म्हणजे एक कोपरा पुढे, मग दुसरा कोपरा पुढे. आमच्या दंतवैद्यांचं संगमरवरी टेबल त्याने असंच तिसऱ्या मजल्यावर चढवलं. नंतर दंतवैद्य चष्मा लावून अर्धा तास ओरखडा शोधत होते. सापडला नाही, तेव्हा चक्क हिरमुसले.

स्वतः मुकादमाने या बावीस वर्षांत अकरा खोल्या बदलल्या. कारण ठरलेलं: मालकाला भाडं वाढवायचं असतं, नाहीतर मालकाचा भाचा राहायला येणार असतो. या मालकांना इतके भाचे कुठून होतात देव जाणे. मुकादमाच्या घरात ‘वरची भांडी’ असं लिहिलेलं एक खोकं आहे, ते गेल्या तीन खोल्यांत उघडलेलंच नाही. मी एकदा वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, “उघडायचं कशाला भाऊजी? परत बांधायला मलाच बसावं लागतं.”

मुलगी नववीत, आणि ही तिची पाचवी शाळा. दर वेळी वर्षाच्या मधेच शाळा बदलल्याने रक्ताभिसरण ती तीनदा शिकली, पचनसंस्था एकदाही नाही. या शाळेत मात्र ती रुळली होती. तिने बापाकडे एकच मागितलं होतं, “बाबा, दहावी इथूनच करायची.” मुकादमाने शब्द दिला. आणि पंधरा दिवसांत मालकाचा भाचा उगवला. महिनाअखेर खोली खाली करायची होती, आणि मुकादमाला परवडेल अशी दुसरी खोली होती ती थेट बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे. तिथून शाळेत यायला दोन तास.

नेमकं त्याच वेळी नगरपालिकेने ठरवलं, की आमच्या क्लबामागच्या मोकळ्या जागेत कमी भाड्याची घरं बांधायची आणि त्यासाठी प्रत्येकाच्या घरपट्टीत जराशी भर घालायची. तोवर नगरपालिकेच्या रिकाम्या गाळ्यांत भाडेकरूंची तात्पुरती सोय होणार होती, प्रभागसभेत ठराव संमत झाला तर लगेच. वर्षाचा बोजा म्हणाल तर चौघांच्या एका वेळच्या चहाएवढा. पण काय तो आकांत! भागाचं वातावरण म्हणे बिघडेल. वातावरण! यांना सहाला दूध दारात हवं, सातला मोलकरीण हवी, रात्रभर पहारेकरी हवा. ही माणसं बहुधा सकाळी जमिनीतून उगवावीत आणि काम संपलं की परत जमिनीत जावीत.

दंतवैद्यांनी तर ठणकावून सांगितलं, “मेहनत करावी, घर घ्यावं. आम्ही नाही घेतलं?” घेतलं ना. वडिलांकडून घेतलं. त्यांच्या दवाखान्यापुढचा रस्ता, गटार, दिवे, बाग सगळं लोकांच्या पैशातून झालं. तेव्हा यांना कुणाची मेहनत आठवली नाही. आपल्या पायाखाली फरशी बसली की तो विकास, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर आलं की ती भीक.

प्रभागसभेत हात वर करून मतदान होणार होतं. घरमालक असो की भाडेकरू, प्रत्येकाला एक मत. मी क्लबाचा चिटणीस आणि ठरावाच्या बाजूचा, म्हणून मुकादमाच्या खोलीवर जाऊन सांगून आलो, “या आणि बोला. तुमचं म्हणणं लोकांना कळू दे.” तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला, याच प्रभागात राहणारे आपले तिन्ही गडी घेऊन आला. काय बोलायचं ते मुलीने कागदावर लिहून दिलं होतं.

गर्दी अपेक्षेपेक्षा फार झाली. क्लबाच्या हॉलमध्ये करंडकांचं अवजड कपाट मधे येत होतं, ते वर न्यायचं ठरलं. दोघे जण ते ओढायला लागले आणि फरशी किंचाळली. तिसऱ्या रांगेत मुकादम दात आवळून बसलेला मला दिसला. आणि मी व्यासपीठावरून हाक मारली, “अहो मुकादम, जरा तेवढं कपाट वर घेता का?” मीच मारली. शेदीडशे धडधाकट माणसं समोर बसली होती, मला तोच दिसला. तो उठला, मागोमाग तिन्ही गडी उठले.

ते जिन्याच्या वळणावर असतील, तेवढ्यात अध्यक्षस्थानी बसलेले दंतवैद्य म्हणाले, वेळ कमी आहे, भाषणं राहू द्या, हात वर करा. जिन्यातून मुकादम ओरडला, “साहेब, थांबा! आलो, आलो!” दंतवैद्य हसून म्हणाले, “आवाज नको, हात दाखवा.” लोकही हसले. पण जिन्यात वजन सोडायचं नसतं. वरच्याने हात काढला तर खालचा चिरडतो, हे त्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

बाजूने एक्कावन्न, विरोधात चोपन्न. मी म्हणालो, चार जण जिन्यात आहेत. उत्तर मिळालं, हॉलमध्ये हजर असलेल्यांचीच मतं धरतात. टाळ्या पडल्या. मुकादम घामाघूम होऊन खाली आला आणि खिशातला कागद काढत त्याने मला विचारलं, “माझा नंबर कधी?” मला मान वर करवेना.

महिनाअखेर त्याने स्वतःचं बिऱ्हाड स्वतःच्या टेंपोत भरलं. मुलीची शाळा सुटली.

दोनशे रहिवाशांच्या सह्या आल्या तर ठराव पुन्हा मांडता येतो, असा नियम आहे. मी कागद तयार केला आणि पहिली सही मुकादमाची घ्यावी म्हणून दोन बस बदलून त्याच्याकडे गेलो. मुलगी खोक्यावर बसून अभ्यास करत होती. मुकादमाने कागद सावकाश वाचला, पेनाचं टोपण काढलं, मग ‘प्रभागातील रहिवासी’ या शब्दांवर त्याचं बोट थांबलं. त्याने टोपण लावून पेन मला परत दिलं.

“माझी आता चालायची नाही,” तो म्हणाला. “तुमची माणसं करतील ना?”

मी हो म्हणून आलो आहे. कागद घेऊन गेले तीन आठवडे तुमच्या दारात उभा राहतोय, आणि तुम्ही ‘बघू’ म्हणून दार लावून घेताय. दोनशे सह्या हव्यात. एकेचाळीस झाल्या आहेत.