आईसाठी ओढलेली तार

आई सिरोंच्याकडची. लग्न होऊन धानोऱ्याकडे आली तेव्हा तिला फक्त तेलुगू यायची. इथं ती मराठी शिकली, गोंडीही थोडीफार शिकली. गेल्या वर्षापासून विस्मरण वाढलं आणि नंतर शिकलेलं सगळं गेलं. तेलुगू तेवढी उरली, आणि घरात ती कुणालाच येत नाही. ती काही मागायची, आम्ही पाणी द्यायचो. पाणी नको असलं की ती भिंतीकडे तोंड फिरवायची. मग तिनं बोलणंच सोडलं.

आमच्या गावात मोबाइलला धड रेंज नाही. निदान तिच्या माहेरच्या नदीपलीकडचं तेलुगू स्टेशन तरी तिला ऐकवावं म्हणून मिडियम वेव्ह पकडणारा, लॅपटॉपला लावायचा रेडिओ डोंगल मागवला. सोबत आलेल्या अँटेनाच्या दोन मिशा त्या कामाच्या नव्हत्या. बंद पडलेल्या जुन्या ट्रान्झिस्टरची अँटेनाची कांडी लावून पाहिली, तीही तशीच. लांब तार उंचावर बांधावी लागते हे वाचलं होतं, पण बासष्टाव्या वर्षी शिडी चढायचं जिवावर आलं होतं. तारेच्या टोकाला छोटा ट्रान्सफॉर्मर जोडला, अर्थिंगसाठी जमिनीत सळई ठोकली आणि तार धानाच्या बांधीच्या कडेच्या खांबांवरून ओढली. खांब तयार होते, शिडीही नको. शहाणाच मी!

ते खांब रानडुकरांसाठी लावलेल्या विजेच्या झटका कुंपणाचे. संध्याकाळी धाकट्या भावानं झटका मशीन सुरू केलं आणि रेडिओत टक, टक, टक सुरू झालं. मागं कुणी बाई बोलतेय, एवढंच कळत होतं.

"अर्धा तास बंद ठेव ना," मी म्हटलं.

"भाऊ, धान भरून राह्यलं. डुकरं अर्धा तास थांबतीन का?"

त्याचं बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी सगळी तार सोडवली आणि कुंपणापासून दूर, घरामागच्या मोहाच्या झाडापर्यंत नेली. शेवटी शिडी चढावीच लागली. कसली ब्याद मागं लावून घेतली, असं झालं होतं.

त्या संध्याकाळी टकटक बरीच दबली आणि बाईचा आवाज स्वच्छ आला. आई उठून बसली. बाई थांबली की आई बोलायची, हसायची, पुन्हा कान द्यायची. मग गाणी लागली. आईनं काहीतरी विचारलं. रेडिओ गातच राहिला. तिनं पुन्हा विचारलं, या वेळी माझ्याकडे बघून.

मला तेलुगूतला एकच शब्द येतो. "अवुनु," मी म्हटलं. म्हणजे हो.

तिनं माझा हात धरला आणि एकामागून एक विचारत सुटली. मी प्रत्येकाला अवुनु म्हणत गेलो. साठ वर्षं ती आमच्या भाषेत बोलली आणि आम्हाला तिची एक ओळ शिकावीशी वाटली नाही, याची फार लाज वाटत होती. शेवटी तिनं हळूच, घाबरत घाबरत काहीतरी विचारलं. त्यालाही मी अवुनु म्हणालो.

ती हुंदके देऊन रडायला लागली. मी कशाला हो म्हटलं, ते मला अजून माहीत नाही.