ब्रेकचा लाल

“ब्रेक दाब!” आमचा मुलुंडचा मेकॅनिक असा ओरडला, की ठाण्यापर्यंतच्या गाड्यांनी ब्रेक मारले असतील.

“दाबलाय रे!”

“मग लाल वाढत का नाही?”

हा माणूस गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतच नाही, बाइकच्या शेपटीशी बोलतो. मागचा बल्ब काढून मीच शहाणपणाने एलईडी बसवला होता. उजेड असा, की विमान उतरेल. पण ब्रेक दाबा, न दाबा, तेवढाच. पोरीला मागे बसवून मी आठवडाभर हायवेवर असाच फिरलो होतो.

त्याने साधा बल्ब लावला.

“पण मी तर नुसता तुझ्या गॅरेजसमोरून जात होतो. तू थांबवलंस का?”

“काल तुझ्या मागे मीच होतो.”