मामाजींची काळी डबी

चार वर्षं झाली. या चार वर्षांत मी तोंडाला कधी कुलूप लावलं नाही — शेजारची भांडणं सांगितली, बहिणीच्या सासरची उणीदुणी काढली, नवऱ्याला तर रोजच काही ना काही ऐकवलं. ही एक गोष्ट सोडून. ही मी गेल्या महिन्यापर्यंत कुणालाच सांगितली नव्हती. देवासमोर बसून मनातल्या मनातसुद्धा नाही. त्याला ठाऊक असेलच म्हणता? असेल. पण त्याला ठाऊक असणं वेगळं आणि माझ्या तोंडून निघणं वेगळं.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. तरी आज शेवटापर्यंत जायचं असं ठरवून बसले आहे. मध्येच कुकर बघायच्या निमित्तानं उठायची माझी जुनी सवय — म्हणून कुकर लावलेलाच नाही.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं किती लाजिरवाणं आहे ते कळेल. मी केशोरीत आमच्या घराच्या ओसरीत संगणकाचा वर्ग चालवते. पाच जुने संगणक, एक प्रिंटर, शाळेतली पोरं आणि अर्ज भरायला येणारे गावकरी. दर नव्या तुकडीला पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट घोकून घेते — महत्त्वाची फाइल एका जागी ठेवू नका, दुसरी प्रत दुसरीकडे ठेवा, नुसती हलवून ठेवली तर तो बॅकअप नव्हे. पोरं वहीत लिहून घेतात. गावात लोक म्हणतात, संगणकातलं विचारायचं तर मास्तरीणबाईला विचारा. आणि मी ते ऐकून फुगत होते — का नाही फुगणार?

माझे सासरे — आमच्याकडे मामाजी म्हणतात — कृषी खात्यात होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात बसतात, हे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, तुडवायला लागले. जुन्या देशी धानाचं त्यांना वेड. लुचई, हिरानखी, चिन्नोर, आणि ज्यांची नावं मला आजही येत नाहीत अशी कितीतरी. कुणाच्या घरी कुठलं बियाणं अजून जिवंत आहे, हे शोधत ते स्कूटरवरून इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठची गावं फिरायचे. त्यांची एक रीत होती. पिशवीत शाळेतली पाटी आणि खडू. धानाची लोंबी पाटीवर आडवी ठेवायची, शेजारी खडूनं वाणाचं नाव, शेतकऱ्याचं नाव, गाव आणि तारीख लिहायची, आणि फोटो काढायचा. मग पाटी ओल्या फडक्यानं पुसायची आणि पुढच्या बांधीवर जायचं. अशी नऊ वर्षं.

सुरुवातीला ते वहीतही लिहायचे. ती वही मी बंद करवली. म्हटलं, मामाजी, पाटीवरचं सगळं फोटोत येतं, मग दुहेरी मेहनत कशाला? त्यांनी ऐकलं. माझं ते ऐकायचेच — त्यांच्या लेकापेक्षा जास्त.

फोटो ठेवायला त्यांनी गोंदियाहून एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणली. तळहाताएवढी, काळी. ते तिला डबी म्हणायचे. महिन्याअखेरीला कॅमेरा आणि डबी घेऊन माझ्यापुढे खुर्ची ओढून बसायचे, आणि मी कॅमेरा रिकामा करून गावागावाच्या नावाचे फोल्डर करून द्यायची. प्रत्येक वेळी एकच प्रश्न — दुसरीकडे पण आहे ना? आणि मी प्रत्येक वेळी हो म्हणायची. माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. तेव्हा ते खरंच होतं.

मग एका दिवाळीत लॅपटॉप भरला. वर्गाची कामं अडायला लागली. मी मामाजींचे सगळे फोटो उचलून डबीत नेऊन ठेवले — कॉपी करून नव्हे, कट करून. जागा झाली. आणि पोरांना जे पहिल्या दिवशी शिकवते ते मी स्वतः विसरले. आता नऊ वर्षांचं काम एकाच डबीत होतं, आणि ते मला सोडून कुणाला माहीत नव्हतं. मला तरी कुठं आठवत होतं?

सांगते. थांबले नाही, श्वास घेतला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात दरेकशाला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. पाच दिवस माहेरी जायचं होतं आणि मी बघत असलेली मालिका नेमकी त्याच आठवड्यात संपणार होती. हसू नका — किंवा हसा, मला काय. सेट टॉप बॉक्सला हार्ड डिस्क लावली की कार्यक्रम आपोआप भरून ठेवता येतो, हे मला माहीत होतं. निघायच्या दिवशी मी मामाजींची डबी कपाटातून काढली आणि लावली. पडद्यावर सूचना आली — हे वापरण्यासाठी फॉरमॅट करावं लागेल. मी ती वाचली. फॉरमॅट म्हणजे काय हे मी लोकांना शिकवते. पण एसटीची वेळ झाली होती आणि डोक्यात पक्कं होतं की लॅपटॉपमध्ये सगळं आहेच. रिमोटवर ओकेचं बटण दाबलं आणि लग्नाला गेले. मनसोक्त नाचले.

परत आल्यावर डबी लॅपटॉपला लावली तेव्हा कळलं. आधी डबी रिकामी दिसली. मग लॅपटॉप धुंडाळला. मग ती दिवाळी आठवली. 

इथपर्यंत चूकच होती. चूक कुणाच्याही हातून होते, तिच्यासाठी मी तुमच्यापुढे बसले नसते.

मी आठ दिवस गप्प राहिले. नवव्या दिवशी मामाजी आनंदात आले. बियाण्यांवर काम करणारी दोन माणसं त्यांचे फोटो बघायला येणार होती. म्हणाले, "सूनबाई, डबी लाव ना. पाहुणे उद्या येऊन राहिले." मी लावली. पडद्यावर काहीच नाही. ते पडद्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं — रागानं नाही, आजारी माणूस डॉक्टरकडे पाहतो तसं. आणि मी म्हणाले, "मामाजी, मागल्या आठवड्यात तुम्ही स्वतःच डबी लावली होती ना? काही तरी दाबलंत. मी म्हटलं होतं, हात लावू नका म्हणून."

असं काही झालं नव्हतं. मागल्या आठवड्यात त्यांनी डबीला हातही लावला नव्हता. मी हे वाक्य आधी ठरवलं होतं का? नाही म्हणायला आवडेल. पण ते इतकं सरळ आणि न अडखळता निघालं की आठ दिवस ते माझ्या पोटात तयारच होत असणार.

ते म्हणाले, "मी कायले मिटवीन?"  बराच वेळ ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू म्हणतेस तं असन. मलेच आठवून नाही राहिलं."

त्या क्षणी मला वाचल्यासारखं वाटलं. हो — वाईट नाही वाटलं, सुटल्यासारखं वाटलं. हे तोंडावर आणायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

अजून आहे. नुसतं फॉरमॅट केलेल्या डिस्कवरचं बरंच काही परत काढता येतं. थोडं मालिकेखाली दबलं असेल, पण बाकीचं निघालं असतं. हे मला त्याच दिवशी माहीत होतं. आमचे हे म्हणाले, गोंदियाला दाखवू या, नाही तर नागपूरला नेऊ. पण दुकानदारानं डिस्क उघडली असती तर आत सेट टॉप बॉक्सचा मागमूस आणि माझी मालिका सापडली असती. मग मी काय केलं? सांगितलं, मी सगळं करून पाहिलं, आता काही निघत नाही. आणि पक्कं व्हावं म्हणून डबी स्वतः पुन्हा फॉरमॅट केली आणि काठोकाठ वर्गाच्या फाइलींनी भरली. आधीचं मी हलगर्जीपणानं घालवलं होतं. हे शुद्धीत, दार लावून, भर दुपारी केलं.

पाहुण्यांना मामाजींनी स्वतः सांगितलं, माझ्याच हातानं गेलं. ते दोघं चहा घेऊन परत गेले. मी चहा चांगला केला होता.

त्यानंतर जे झालं ते मी रोज पाहिलं. स्कूटर उभी केल्यावर चावी काढली की नाही हे बघायला मामाजी दोनदा परत जायला लागले. मग गोष्टी विचारायला लागले — मी जेवलो ना? कालव्याचं पाणी सुटलं हे तूच सांगितलंस ना? काहीही विसरलेले नसायचे, फक्त स्वतःवरचा भरवसा गेला होता. नवऱ्याला काळजी वाटली, त्यांनी गोंदियाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले वयानं होतं, आणि सकाळची एक गोळी लिहून दिली. ती गोळी चार वर्षं मी त्यांच्या हातावर ठेवली. माझ्या हातानं, पाण्याच्या पेल्यासोबत. ते दर वेळी म्हणायचे, तू आहेस म्हणून चाललं आहे.

स्कूटरची चावी आम्ही काढून घेतली. बांध्यांवर जाणं बंद झालं. पाटी माळ्यावर गेली. आपल्या शेतात कुठलं धान लावायचं हेही त्यांना कुणी विचारेनासं झालं, दुकानातून आणलेलं लावायला लागलो. गावात हळूच सांगितलं जायचं, मास्तरीणबाईच्या सासऱ्याचं आता डोकं चालत नाही. मी ते खोडून काढलं का? मान हलवायची मी — बिचारी सून करते तशी.

गेल्या महिन्यात एक म्हातारा शेतकरी ओसरीत आला. रुमालात धानाच्या दोन लोंब्या गुंडाळून आणल्या होत्या. मामाजींना म्हणाला, तुम्ही सांगाल म्हणून आलो. मामाजींनी लोंबी हातात घेतली, एक दाणा दातांत फोडला, आणि म्हणाले, "हा हिरानखी होय." आवाज जुना, ठणठणीत. मला वाटलं, माणूस परत आला. आणि लगेच ते माझ्याकडे वळले आणि विचारलं, "होय ना, सूनबाई?"

मला. जिला लुचई आणि हिरानखी ताटात वाढली तरी ओळखता येत नाही.

मी हो म्हटलं. शेतकरी गेला. मग मी माळ्यावर चढले, पाटी काढली, धुतली. त्यांच्या रीतीनं लिहिलं. वर गोष्ट — डबीतलं सगळं मी मिटवलं, टीव्हीवरची मालिका भरण्यासाठी. मामाजींनी नाही. मग खोटं बोलले. खाली माझं पूर्ण नाव, गाव आणि तारीख. बोलायला गेले असते तर रडले असते, आणि मी रडले की मामाजी समजूत काढायला लागतात. तेवढी संधी मला स्वतःला द्यायची नव्हती.

त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. दोनदा वाचलं. मग पाटी मांडीवर ठेवून म्हणाले, "तं मी नाही मिटवलो."

"नाही, मामाजी."

"मले आठवत होतं," ते म्हणाले. "मी डबीले हात नाही लावलो, हे मले आठवत होतं."

एवढंच. मग स्कूटरची चावी मागितली. मी दिली.

नवऱ्याला त्याच आठवड्यात शनिवारी पाटीच वाचायला दिली. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आता कामापुरतं बोलतात. गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांनाच विचारायचं म्हणून ते मामाजींना परत घेऊन जाणार आहेत, आणि या वेळी डॉक्टरांना काय झालं ते सगळं सांगायचं आहे. ते मी लिहून दिलं आहे. पाटी मी ओसरीत ठेवली आहे, वर्गाला येणारी पोरं आणि त्यांचे आईवडील वाचतात. दोन पोरांनी येणं बंद केलं. नव्या तुकडीला बॅकअप शिकवताना मी आता पाटीकडे बोट दाखवते.

मामाजी रोज सकाळी स्कूटर काढतात. सकाळची गोळी, डॉक्टरांकडे जाईपर्यंत, स्वतःच डब्यातून काढून घेतात, पाणीही स्वतःच. जाताना कुठं चाललो ते मला सांगत नाहीत. नऊ वर्षांतली काही घरं सापडतात, काही ठिकाणी बियाणं जपणारा माणूसच उरलेला नाही आणि बियाणंही नाही. हे मला त्यांच्याकडून नाही, गावातून कळतं.

मागल्या बाजाराच्या दिवशी ते परत आले तेव्हा पिशवीत खडूचा डबा आणि नवी पाटी होती. जुनी पाटी होती तिथंच राहू दिली, तिच्यावरचं माझं अक्षर पुसलं नाही. एक जाड वहीही आणली आहे. संध्याकाळी ओसरीच्या पायरीवर बसून, माझ्याकडे पाठ करून, तीत लिहितात. लिहून झालं की वही स्वतःच्या पेटीत ठेवतात आणि पेटीला कुलूप लावतात.